उसाच्या फडातले भूत आणि बैठकीतला माणूस

ज्या कलाकृतीच्या पाठीशी एखादी सामाजिक जखम उभी असते, तिच्याविषयी बोलताना आपण मराठी माणसे जरा भिडस्त होतो. हेतू चांगला आहे ना, मग कृतीत उणे काढणारा तो दुष्ट! १४ जुलै २०१७ रोजी पडद्यावर आलेल्या विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ या भयपटाचे असेच झाले. मुलींच्या हत्येवर बोट ठेवणारा भयपट म्हणून त्याचे इतके कौतुक झाले, की त्यातली माणसे कितपत माणसे आहेत, हे विचारायचे राहूनच गेले.

गुण आहेत ते आधी सांगितले पाहिजेत. भर दुपारच्या उन्हात, माणसाहून उंच उसात भीती उभी करणे सोपे नव्हे. उषा नाईक यांची तुळसाबाई मायेने वाढते आणि त्याच हाताने आपल्याला गारठवते. पण तिच्या पलीकडे काय? पूजा सावंत यांची नेहा गर्भार आहे, घाबरलेली आहे, धीट आहे. त्या पोटुशीपणापूर्वी ती कोण होती, याचा पत्ता लागत नाही. तिचा नवरा तुषार कर्जाच्या भयाने तिला त्या आडरानातल्या घरी नेतो. शिकलेला, शहरात राहणारा हा नवरा! कादंबरीकाराला खरा हवा तो हाच माणूस. पण कथेचे गाडे ढकलण्यापुरता तो येतो आणि जातो.

हा दोष नुसता कलेचा नाही. चित्रपट येण्याच्या चारच महिने आधी, मार्च २०१७ मध्ये, मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ येथे ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भपातानंतर एका विवाहितेचा मृत्यू झाला, म्हणून ते उघडकीस आले. तेथे चेटूक नव्हते, दवाखाना होता. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांआधी, १९८८ मध्ये, आपल्याच राज्याने केला. तरीही सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या शिरगणतीत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर आली. हे काम एकट्या खेडवळ म्हातारीचे कसे असेल?

त्याच २०१७ साली अमेरिकेत जॉर्डन पील यांचा ‘गेट आउट’ आला. वर्णद्वेषावरच्या त्या भयपटातले राक्षस सुशिक्षित, गोडबोले, पाहुण्याचे हसून स्वागत करणारे आहेत. प्रेक्षकाला त्यांच्यात स्वतःचा दिवाणखाना दिसतो. म्हणून तो हादरतो. ‘लपाछपी’ मात्र पाप उसाच्या फडात नेऊन ठेवतो, आणि अंधेरी-बोरिवलीचा प्रेक्षक निर्धास्तपणे घरी परततो. २०२१ मध्ये फुरिया यांनीच ‘छोरी’ या नावाने हीच कथा हिंदीत आणली. पण तेथेही ऊस आणि आडरान कायमच राहिले.

भूत उभे करायला अंधार पुरतो. माणूस उभा करायला त्याचे मन उघडावे लागते. “पहिला मुलगा झाला, की पुढची काळजी नाही” असे चहाचा घोट घेत म्हणणारा सज्जन ज्या दिवशी मराठी भयपटात नीट रंगवला जाईल, त्या दिवशी पार्श्वसंगीताची गरज उरणार नाही.