समासात शिरलेला आत्मा

धम्मविषयक इंग्रजी लेखनाच्या मराठी अनुवादांत एक दोष आम्हांस वारंवार आढळतो. मूळ शब्दात 'सेल्फ' हे पूर्वपद दिसले की अनुवादक निःशंकपणे 'आत्म' लिहितो. आणि पुढे भाष्यकार त्याच 'आत्म'चा 'आत्मा' करून बुद्धाच्या तोंडी घालतो.

वस्तुतः 'सेल्फ' हा शब्द मूळचा तत्त्वज्ञानाचा नव्हेच. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ 'तोच', 'स्वतः' एवढाच होता; 'सेल्फसेम' या शब्दात तो अद्याप टिकून आहे. 'सेल्फ-डिनायल'सारख्या समासांचे पीक आले ते मुख्यतः सोळाव्या-सतराव्या शतकांत, प्युरिटन धर्मोपदेशकांच्या काळी. 'सेल्फिश' हा शब्दही १६४० च्या सुमारास प्रेस्बिटेरियन मंडळींत रूढ झाला. (तत्पूर्वी इंग्रज स्वार्थी नव्हते, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये!) लॉकने आपल्या निबंधाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'सेल्फ'ची चिकित्सा केली, तीही आत्मद्रव्याच्या नव्हे, जाणिवेच्या आधारे. समासात तर हे पद कधी कर्म असते, कधी कर्ता: 'सेल्फ-डिनायल'मध्ये स्वतःला नाकारणे, 'सेल्फ-मेड'मध्ये स्वतः घडणे.

पाली 'अत्त'ची गतही अशीच आहे. 'अत्तकिलमथ' म्हणजे स्वतःस दिलेले क्लेश. तेथे आत्मा शोधणे व्यर्थ. 'अत्तदीप' म्हणजे स्वतःच स्वतःचे द्वीप झालेला. याउलट 'अत्तवादुपादान' या समासात 'अत्त'चा अर्थ खरोखरच आत्मा असा आहे, आणि तेथे तो वाद उपादान म्हणून त्याज्य ठरविला आहे. आनंद कुमारस्वामींनी 'सेल्फ'चे आद्याक्षर मोठे लिहून महान आत्म्यास वाट करून दिली. पालीच्या परंपरागत लिप्यांत मोठे अक्षर नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

खरी अडचण 'सेल्फ-रिस्पेक्ट'ची आहे. त्यास आपण 'स्वाभिमान' म्हणतो, आणि 'मान' तर दहा संयोजनांपैकी एक. मग बुद्धाने जे सोडावयास सांगितले तेच बाबासाहेबांनी धरावयास शिकविले काय, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेपकांनी 'मान' नीट वाचलेला नाही. पाली ग्रंथांत त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: मी श्रेष्ठ, मी समान आणि मी हीन. शतकानुशतके ज्यांच्या मनावर हीनत्व बिंबविले गेले, त्यांनी ते झुगारणे म्हणजे या तिसऱ्या मानाचेच बंधन तोडणे होय. त्यासाठी पहिल्याचा आश्रय घ्यावा लागत नाही. म्हणून आम्ही 'आत्मसन्मान' हा पर्याय पत्करतो. 'आत्महत्या' म्हणताना आत्मा मेला असे वेदान्तीही समजत नाहीत.