शिक्षणविमानांच्या चकत्या : एक परीक्षण

निवृत्त झालेल्या लष्करी शिक्षणविमानांचे पत्रे कापून त्यांच्या लहान चकत्या करावयाच्या, त्यांवर विमानाचा प्रकार व क्रमांक कोरावयाचा आणि त्या संग्राहकांस विकावयाच्या, असा उद्योग सांप्रत परदेशांत चालला आहे. ह्या चकत्या केवळ शोभेच्या, कीं इतिहासाचें साधन म्हणूनही त्यांस कांहीं योग्यता आहे, हें येथें पाहावयाचें आहे.

उदाहरणार्थ अमेरिकेचें लॉकहीड टी-३३ हें जेट विमान घेऊं. एकासनी लढाऊ विमानाचा सांगाडा लांबवून त्यांत दुसरी बैठक घातली, आणि १९४८ च्या मार्चांत तें प्रथम उडालें. पुढें अशीं साडेसहा हजारांवर विमानें बांधलीं गेलीं. बोलिव्हियाच्या हवाई दलानें आपलीं शेवटचीं २०१७ सालीं निवृत्त केलीं. युद्धाच्या बखरींत लढणाऱ्या विमानांचीं नांवें येतात. शिकवितां शिकवितां झिजलेल्यांचीं सहसा येत नाहींत. अशा विमानाची ओळख पुष्कळदां त्याच्या क्रमांकापुरतीच उरते.

तो क्रमांक वाचणेंही सोपें नाहीं. अमेरिकन हवाई दलाच्या पद्धतींत आरंभींचे दोन अंक विमानाच्या मागणीच्या आर्थिक वर्षाचे असतात, बांधणीच्या वर्षाचे नव्हेत. शेपटीवर तर त्यांतील पहिला अंक गाळून क्रमांक रंगवीत. म्हणून ८ नें आरंभ होणारा क्रमांक १९४८ चाही असेल, १९५८ चाही. टी-३३ दोन्हीं वर्षांचीं आहेत. काश्मिरी पोथ्यांतील लौकिक संवत् शेंकडा गाळून लिहितात, त्यामुळें होणारा घोटाळा वाचकांस ठाऊकच आहे. तेव्हां चकतीवर शेपटीचा अंक नव्हे, तर पूर्ण क्रमांक कोरलेला असावा.

वितळविण्यापेक्षां कापणें बरें, हें आम्ही मान्य करितों. ‘विक्रान्त’ नौका २०१४ सालीं मुंबईस मोडीत निघाली व तिच्या धातूचा अंश २०१६ सालीं मोटरसायकलींत घातला गेला. त्यांत स्मृति राहिली, पुरावा राहिला नाहीं. कापलेल्या पत्र्यावर रंगाचे थर व रिव्हेटांचीं भोकें तरी राहतात. संग्राहकांनीं ते थर घासूं नयेत. लेख नष्ट होतो, शिवाय जुन्या विमानांच्या अस्तराच्या रंगांत विषारी क्रोमेट असतें.

दोष मात्र मोठा आहे. न्यूयॉर्कचा ग्रंथविक्रेता गॅब्रिएल वेल्स यानें १९२१ सालीं गुटेनबर्गच्या बायबलाची एक खंडित प्रत सोडवून तिचीं पानें निरनिराळीं विकलीं. तें कृत्य निंद्य मानिलें, तरी सुटें पान आपल्या मजकुरावरून आपलें स्थान सांगतें. कोऱ्या पत्र्यास तेंही सामर्थ्य नाहीं. तो पंखाचा कीं धडाचा, डावा कीं उजवा, हें कापणाऱ्यानें लिहिलें नाहीं तर तें कायमचें बुडालें. सोबतचें प्रमाणपत्र विकणाऱ्याचेंच असतें; आणि नैयायिक शब्दास प्रमाण मानितात तें आप्ताच्या, लाभार्थ्याच्या नव्हे.

म्हणून कापण्यापूर्वीं सर्व बाजूंचीं छायाचित्रें, प्रत्येक चकतीचें मूळ स्थान व एकूण संख्या यांची यादी करून ती एखाद्या संग्रहालयांत ठेवावी. ही यादी हीच त्या विमानाची पुष्पिका होय. तोंवर अशा चकत्या खुशाल संग्रहीं ठेवाव्या. पण पुरावा म्हणून पुढें करूं नयेत, असें आमचें मत आहे.