वयाला शोभेल असं : एका सल्ल्याची चिकित्सा

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसांनी साड्या-पावडरीच्या गोष्टीत कशाला पडावं? त्याचं उत्तर सोपं आहे. 'असं करावं' हे वाक्य जिथे येतं, तिथे आमचं काम सुरू होतं.

कान्टने १७८५ साली आदेशांचे दोन प्रकार सांगितले. 'केस काळे दिसायला हवे असतील, तर कलप लावा' हा सोपाधिक आदेश. त्यात एक 'जर' असतो. 'खोटं वचन देऊ नका' हा निरुपाधिक. त्यात 'जर' नसतो. सल्ला हा खरं तर नेहमी पहिल्या जातीचा. पण वय झालेल्या बाईला दिलेला सल्ला बघा, त्यातला 'जर' हळूच गळून पडतो आणि सल्ल्याची आज्ञा होते. ते कसं होतं, हे आज आपण एका उदाहरणातून पाहू.

ब्रिटिश 'व्होग' मासिकात १९४० च्या दशकाच्या शेवटी एक काल्पनिक बाई अवतरली, मिसेस एक्सेटर. वय साठीच्या जवळ. ती तरुण दिसायचा आटापिटा करत नाही, वय हसतमुखाने स्वीकारते, मोजके पण नीट बेतलेले कपडे घालते. मासिक तिच्या निमित्ताने सांगे की काय उठून दिसेल, काय टाळावं. यात कुंपण होतं, हे खरंच. पण कुंपणाच्या आत जागाही होती. साठीची बाई पानावर दिसत होती, आणि साठीची म्हणूनच दिसत होती.

या कुंपणाला इंग्रजीत एक टोचरी म्हण आहे, मेंढीचं मटण कोकराचं म्हणून सजवल्याची. आपल्याकडे त्यासाठी म्हणसुद्धा लागत नाही. 'या वयात शोभतं का?' एवढं पुरतं. 'शोभणं' हा शब्द मोठा लबाड आहे हो. वरवर तो सौंदर्याचा निर्णय वाटतो, रंग जुळला की नाही एवढाच. आतून मात्र तो नीतीचा निर्णय असतो, तुमची पायरी कोणती हे सांगणारा. विधवेच्या आलवणात आणि केशवपनात 'जर' कधी नव्हताच, ती उघड आज्ञा होती. म्हणून तर आगरकरांना तिच्यावर 'सुधारक'मधून तुटून पडता आलं. उघड आज्ञेशी भांडता येतं. सल्ल्याशी कसं भांडणार? तो आपल्या भल्यासाठीच असतो ना!

१९६० च्या दशकाच्या मध्यावर मिसेस एक्सेटर पानांवरून नाहीशी झाली. अमेरिकी 'व्होग'च्या डायना व्ह्रीलँड यांनी १९६५ मध्ये 'यूथक्वेक' हा शब्द चलनात आणला, तरुणाईचा भूकंप. कुंपण मोडलं, याचा आनंद मानावा का? मानता येत नाही. कारण कुंपणाबरोबर जागाही गेली.

१९७२ मध्ये सुसान सोंटॅग यांनी म्हातारपणाच्या दुहेरी मापावर निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं : पुरुषाला सौंदर्याचे दोन आदर्श मिळतात, मुलगा आणि प्रौढ पुरुष. बाईला एकच, मुलगी. त्यामुळे पुरुष एका आदर्शातून दुसऱ्यात जातो. बाई मात्र आहे त्यातून फक्त घसरत राहते. हे निदान आम्हाला आजही अचूक वाटतं. तक्रार आहे ती उपायाबद्दल. शेवटी त्या सांगतात की बायकांनी खरं वय सांगावं, जगलेलं आयुष्य चेहऱ्यावर दिसू द्यावं. लिहिताना त्या एकोणचाळीस वर्षांच्या होत्या, हा काही दोष नव्हे. पण माप समाजाचं वाकडं, आणि धैर्य दाखवायचं बाईने? कलप लावणाऱ्या बाईला आता वर 'खोटेपणा'चाही डाग. म्हणजे सल्ला बदलला, आज्ञेचं रूप तेच राहिलं.

अलीकडे काय झालं? २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आयरिस ॲपफेल यांच्या कपड्या-दागिन्यांचं प्रदर्शन भरवलं. बाई ८४ वर्षांच्या, मोठ्ठा गोल चष्मा, हातभर बांगड्या. २०१७ मध्ये 'अल्युअर' मासिकाने जाहीर केलं की 'अँटी-एजिंग' हा शब्द आम्ही यापुढे वापरणार नाही. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण शब्द गेल्याने मागणी जात नाही. 'तरुण दिसा'च्या जागी 'तेजस्वी दिसा' आलं, 'वय हा नुसता आकडा' आलं. आकडा कसा? ती सत्तर वर्षं आहेत, जगलेली! आणि सगळ्यांनीच ॲपफेलबाईंसारखं बेधडक व्हावं, असं म्हटलं की ज्या बाईला साधी सुती साडी नेसून शांत बसायचंय, ती पुन्हा नापासच.

मग सल्ला देऊच नये का? तसं आम्ही म्हणत नाही. 'गुडघे दुखत असतील, तर सपाट चपला घाला' हा उत्तम सल्ला आहे. कारण त्यातला 'जर' त्या बाईचा स्वतःचा आहे. तेव्हा यापुढे असा सल्ला कानावर आला, की आधी त्यातला 'जर' शोधायचा. तो सापडला नाही तर विचारायचा. आणि सापडला, तर तो कुणी घातलाय, तिने, दुकानदाराने की घरातल्यांनी, हे बघायचं. कपडे काय घालायचे ते त्यानंतर तिचं ती ठरवेल.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.