टेकली की टेकवली?

कुस्तीच्या वादात व्याकरण शिरले म्हणजे पहिल्याने कुस्तीच बाजूला पडते. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर बाहेरची टांग मारली, पंचांनी चार गुण दिले, आणि त्या चार गुणांपायी सबंध महाराष्ट्रात दोन तट पडले. जळगाव-धुळेही त्यातून सुटले नाहीत. चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरीने 2014 पासून ओळीने तीन वर्षे ती गदा जिंकलेली. तेव्हा डावावर बोलण्याचा हक्क खानदेशी माणसाला आपला वाटतो, यात नवल नाही. पण बोलता बोलता कोणी ‘बाहेरनी टांग’ म्हणाला, की समोरचा ‘आधी शुद्ध बोलायला शीक’ म्हणून मोकळा होतो. टांगेचे उत्तर राहूनच जाते.

मला ही पळवाट लबाडीची वाटते. अहिराणीत षष्ठीला चा-ची नव्हे, ना-नी लागतो. टांग स्त्रीलिंगी, म्हणून ‘नी’. यात नियमभंग कुठे आहे? 1936 च्या जळगाव साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष माधव ज्यूलियन हे भाषाशुद्धीचे कडवे कैवारी खरे. पण त्यांचा रोख मुख्यतः परभाषेतल्या शब्दांवर होता. पुढे 1952 साली त्याच जळगावच्या बहिणाबाईंची गाणी छापून निघाली, आणि तिथल्या बोलीला आपण सर्वांनी माना डोलावल्या. गाण्यात जी बोली गोड लागते ती आखाड्याच्या कडेला अडाणी ठरावी, हा न्याय मला उमगत नाही.

व्याकरणाचे खरे काम या वादात निराळ्याच जागी होते. पाठ टेकली, की टेकवली? पहिले क्रियापद अकर्मक. पाठ कशीही, घसरूनसुद्धा, टेकू शकते. दुसरे प्रयोजक; तिथे टेकवणारा हवा. चीतपटीचा नियम या दुसऱ्याच्या बाजूचा आहे: दोन्ही खांदे एकाच वेळी टेकलेले आणि प्रतिस्पर्ध्याने ताब्यात धरलेले पंचाला दिसले पाहिजेत. चार गुणांना मात्र टेकणेही लागत नाही. उभ्या कुस्तीतून मल्ल थेट असा पडला, की त्याच्या पाठीचा जमिनीशी नव्वद अंशांहून कमी कोन झाला, तर चार. नुसताच खाली आला आणि मागे ताबा गेला, तर दोन. जत्रेतल्या निकाली कुस्तीवर डोळा तयार झालेला प्रेक्षक ‘पाठ लागली का?’ एवढेच विचारतो. पुण्याला विचारायचे होते ‘पाठ वळली का?’ लोक एकमेकांशी भांडत होते ते पुष्कळसे दोन वेगळ्या क्रियापदांवरून.

2 फेब्रुवारी 2025 ला अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळविरुद्ध शिवराज राक्षेला चीत ठरवले, तेव्हा पाठ टेकलीच नाही असे शिवराजचे म्हणणे होते. त्याने पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. लाथेचे समर्थन कोण करील? पण लाथेच्या गदारोळात खांद्यांचा प्रश्न विरून गेला, हेही खरे.

अशुद्धाची मला खरी चीड येते ती वृत्तांतातल्या एका अगदी शुद्ध वाक्याची: ‘गुण देण्यात आले.’ कोणी दिले, कोणत्या क्षणी, काय पाहून? कर्ता गायब, आणि ऱ्हस्वदीर्घ मात्र जागच्या जागी. ‘बाहेरनी टांग’ म्हणणारा माणूस नेमके तेच तर विचारीत असतो.