स्मरणशक्तीचा शो : टाळ्या कशाला आणि फी कशाची?

गेल्या महिन्यात जालन्याच्या एका मंगल कार्यालयात 'सुपर मेमरी'चा शो पाहिला. प्रवेश मोफत होता, आणि मोफत का होता ते शेवटच्या पंधरा मिनिटांत कळलं. परतूर तालुक्यातला माझा मामेभाऊ मुलीला घेऊन आला होता. ती सहावीत आहे. "तू मेमरीवरच पीएचडी करतेस ना, मग बघून सांग," म्हणाला. आता सांगते. नाव मात्र कुणाचंही घेणार नाही, कारण असे शो गावोगावी साधारण एकाच साच्याचे असतात.

तीन आयटम होते. पहिल्यात प्रेक्षकांनी तीस शब्द दिले: थर्मास, बैलगाडी, पासबुक, मोसंबी, फवारणीचा पंप वगैरे. सादरकर्त्याने ते सुलटे म्हटले, उलटे म्हटले, मग "सतरावा कोणता?" असं विचारल्यावर तोही सांगितला. तेविसाव्याला तो अडखळला, कपाळाला हात लावला आणि मग आठवलं. सगळ्यांत जास्त टाळ्या तिथेच पडल्या. माझ्या मते ते अडखळणं ठरवून केलेलं होतं, आणि छान केलेलं होतं. न चुकणाऱ्या माणसाचं कौतुक लवकर शिळं होतं, हे जादूगारांना पक्कं माहीत असतं.

हा आयटम मात्र खरा होता. यात फसवणूक नाही, तंत्र आहे, आणि ते तुम्हालाही जमेल. रोजच्या पायाखालचा रस्ता घ्या: रेल्वे स्टेशन, गांधी चमन, मामा चौक, मोंढा, अंबड चौफुली (क्रम तुमच्या जाण्यायेण्याप्रमाणे लावा, त्यावर कमेंटमध्ये भांडू नका). स्टेशनाच्या दारात माणसाएवढा थर्मास गळतोय, गांधी चमनमध्ये बैलगाडी उलटी पडलीय, असं एकेका ठिकाणी एकेक चित्र ठेवायचं. मग मनातल्या मनात तो रस्ता चालायचा. उलट्या दिशेने चाललात की यादी उलटी येते.

सतराव्या शब्दाची गंमत वेगळी आहे. माझ्या आजीला मनाचे श्लोक, सगळे २०५, पाठ होते. समर्थांचं जांब आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे तिला त्याचा जरा जास्तच अभिमान. पण "आजी, ऐंशीवा कोणता?" असं विचारलं की ती मागून कुठून तरी सुरुवात करायची आणि म्हणत म्हणत तिथे पोचायची. वृत्ताच्या चालीवर बसलेली आठवण साखळीसारखी असते, एक कडी ओढली की पुढची येते. मध्येच थेट हात घालायचा तर प्रत्येक जागेला आकडा चिकटवलेला लागतो. आकड्यांसाठी आपल्याकडे जुनी कटपयादी पद्धत आहेच: क, ट, प, य म्हणजे १, ख, ठ, फ, र म्हणजे २, असं करत न म्हणजे ०. स्वर मोजायचे नाहीत. या हिशेबाने 'जालना' म्हणजे ८-३-० आणि 'मोसंबी' म्हणजे ५-७-३. (परंपरेत हे आकडे उजवीकडून डावीकडे वाचतात, मी सोयीसाठी सरळ वाचले.) पाश्चात्त्य जादूगार व्यंजनांची अशीच एक पद्धत वापरतात, आणि ती फार मोठा शोध म्हणून विकली जाते.

दुसरा आयटम पत्त्यांचा. जोड एका प्रेक्षकाने काटला, सादरकर्त्याने "फोटोग्राफिक मेमरीने" एक नजर टाकली आणि ओळीने पत्ते सांगत गेला. इथे माझं मन खट्टू झालं. जोड आधीच लावलेला होता: किलवर एक्का, बदाम चार, इस्पिक सात, चौकट दहा, किलवर राजा, बदाम तीन. प्रत्येक पत्ता आधीच्यापेक्षा तीनने मोठा, आणि चार रंग ठरलेल्या क्रमाने फिरतात. कितीही वेळा काटा, साखळी तुटत नाही. यात मेमरी नाही, तीनची बेरीज आहे. स्पेनच्या हुआन तामारिझसारखे जादूगार ५२ पत्त्यांचा एक विशिष्ट क्रम खरोखर पाठ करून वापरतात, त्यामागे महिन्यांची मेहनत असते. पण ते जादूच्या रंगमंचावरून, जादू म्हणून. मेंटॅलिझमची सगळी मजा या सीमारेषेवर आहे: खरी आठवण चमत्कारासारखी दाखवायची आणि युक्तीला आठवण म्हणायचं. रंगमंचावर याला माझी हरकत नाही. पालकांना फीचा फॉर्म देताना आहे.

आता संशोधनाचं. २००३ मध्ये एलेनोर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी स्मरणस्पर्धांतल्या दहा जणांचा अभ्यास केला. त्यांची बुद्धिमत्ता काही अलौकिक नव्हती, मेंदूची रचनाही वेगळी दिसली नाही. बहुतेक जण रस्त्याचंच तंत्र वापरत होते. २०१७ मध्ये मार्टिन ड्रेस्लरच्या गटाने साध्या लोकांना हे तंत्र सहा आठवडे, रोज अर्धा तास शिकवलं. ७२ शब्दांच्या यादीतले आधी तिसाच्या आतच आठवणारे लोक नंतर साठीपार गेले. म्हणजे तंत्र कुणालाही शिकता येतं, हा सादरकर्त्याचा दावा बरोबर आहे.

चूक पुढच्या उडीत आहे. "मेमरी वाढली की मार्क वाढतील." १९८० मध्ये एरिक्सन, चेस आणि फॅलून यांनी एका कॉलेजच्या मुलाचा प्रयोग छापला. दोनशेतीसहून जास्त तास सराव करून तो सात आकड्यांवरून ७९ आकड्यांपर्यंत गेला. तो धावपटू होता, त्यामुळे ३४९२ दिसलं की तो त्याची शर्यतीची वेळ करायचा: ३ मिनिटं ४९.२ सेकंद. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली, आणि गडी परत सहावर आला. वाढलं ते आकडे बांधायचं कौशल्य होतं. स्मरणशक्ती नावाची टाकी काही मोठी झाली नव्हती. यादी पाठ करायचं तंत्र सनावळ्यांना, देश-राजधान्यांना उपयोगी पडेल. अपूर्णांकांची वजाबाकी न समजलेल्या मुलीला त्याने ती समजणार नाही.

तिसरा आयटम डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायचा, आणि तो मुलांनी केला. डोळे बांधून मोटारसायकल चालवणं हा जादूच्या कार्यक्रमांतला जुना आयटम आहे. नाकाच्या दोन्ही बाजूंना खाली फट राहते, तेवढी पुरते. हेच 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन' म्हणून विकलं जातं, आणि अंनिसच्या कार्यकर्त्यांनी त्याचं पितळ वेळोवेळी उघडं पाडलं आहे. इथे समीक्षा करायला कला अशी उरतच नाही. जादूगार स्वतः खोटं बोलतो, ते त्याचं काम आहे. इथे दहा वर्षांच्या मुलाला खोटं बोलायला लावून समोर त्याचे आईबाप बसवले होते.

हे सगळं बघताना मला श्रीमद् राजचंद्र आठवत होते. १८८७ साली मुंबईत, विशीही ओलांडली नव्हती तेव्हा, त्यांनी शतावधानाचा जाहीर प्रयोग केला. वाहवा झाली. पुढे असे प्रयोग त्यांनी आपणहून सोडून दिले.

दादाने फीचे निम्मे पैसे तिथेच भरले होते. कापसाचे आलेले होते. मी घरी भाचीला घेऊन बसले, घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर वीस शब्द ठेवायला शिकवले. पहिल्याच खेपेला एकोणीस आले. दुसऱ्या दिवशी फोनवर विचारले तर सतरा. हे फुकटात झालं, हे दादाला दिसलं. मग ती हळूच म्हणाली, "आत्या, क्लासच्या ताई म्हणाल्या की पट्टीखालून दिसलं तरी घरी सांगायचं नाही."

उरलेले पैसे भरायचे की नाही हे त्या दोघांचं अजून ठरलेलं नाही. दादाला भीती आहे की बाकीची मुलं पुढे जातील.