वसईचें मातृदेवालय व त्याचा शिलालेख

वसईच्या किल्ल्यांतील सेंट जोसेफच्या भग्न देवळासंबंधीं तीन विधानें वारंवार आढळतात: तें सन १६०१ त बांधलें गेलें; तें कॅथीड्रल होतें; आणि सन १७३९ त मराठ्यांनीं वसई घेतली तेव्हां तें उद्ध्वस्त झालें. हीं तिन्ही आम्हांस तपासून पाहण्याजोगीं वाटतात. तिसऱ्यांत तर एका विजयी सैन्याच्या वर्तनाचा निवाडा गुंतला आहे.

पहिल्या विधानाचा आधार देवळावरील पोर्तुगीज शिलालेख होय. चौल व वसई यांवरील १८७६ च्या आपल्या ग्रंथांत डॉ. गर्सन द कुन्हा यांनीं तो छापला आहे. सन १६०१ त दों फ्रे आलेइशो द मेनेझिश हे आर्चबिशप व पाद्री पेद्रु गाल्व्हांव परैरा हे विकार असतां या ‘मात्रिझ’चें नवीकरण झालें, असा त्याचा आशय. येथें क्रियापदच निर्णायक आहे. ‘से रेफोर्मो’ हे शब्द पायाभरणीचे नव्हत. असलेली वास्तु नवी केल्याचे आहेत. गुजराथच्या बहादूरशहाकडून सन १५३४ त वसई पोर्तुगीजांस मिळाली, आणि सन १५४६ त राजा तिसरा जुआंव यानें सेंट जोसेफच्या नांवानें येथें देऊळ उभारण्याविषयीं गव्हर्नर जुआंव द काश्त्रु यास लिहिलें. तेव्हां १६०१ हें या देवळाचें जन्मवर्ष नसून पुनर्जन्माचें वर्ष आहे. आज उभा असलेला दर्शनी मनोरा व भिंती यांत पहिल्या बांधणीचा अंश किती, हें चुना, दगड व भिंतींचे सांधे पाहूनच ठरेल. तें काम शिलालेखावर लादूं नये.

दुसऱ्या विधानाचें उत्तरही त्याच दगडावर आहे. लेख ‘मात्रिझ’ म्हणतो, म्हणजे नगराचें मुख्य व मातृस्थानीय देऊळ. आणि त्याचा अधिकारी ‘विकार’ म्हणतो, बिशप नव्हे. पोर्तुगीज अमदानींत वसईस स्वतंत्र बिशप नव्हता. ती गोव्याच्या आर्चबिशपाच्या अधिकाराखालीं होती. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत सन १९९८ त झाला, व त्याचें कॅथीड्रल पापडीस आहे. किल्ल्यांतील देवळास कॅथीड्रल म्हणण्यानें त्याचें खरें वैशिष्ट्य झांकलें जातें. फ्रान्सिस्कन, जेसुइट, डोमिनिकन या पंथांचीं मोठीं देवळें याच तटाच्या आंत होतीं. तीं पंथांचीं होतीं, हें सर्व रयतेचें होतें.

आतां तिसरें विधान. चिमाजी आप्पांनीं मे १७३९ त वसई घेतली ती अखेरीस करारानें; त्या करारांत मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या धर्माचरणाचाही विचार होता. वेढ्यांत सुरुंग व तोफा चालल्या, आणि पुढें देवळांतील चीजवस्तु बाहेर गेली, हें आम्ही नाकारीत नाहीं. भीमाशंकर, मेणवली येथील युरोपीय घंटा वसईच्या लुटींतील म्हणून दाखविल्या जातात. परंतु घंटा नेली म्हणून भिंत पाडली असें सिद्ध होत नाहीं. सन १६१८ च्या वादळानें पोर्तुगीजांच्या भरभराटींतच वसईच्या देवळांचीं छपरें उडविलीं होतीं. तेव्हां दुरुस्ती करणारे होते. १७३९ नंतर ते निघून गेले. सन १७८० त इंग्रज सेनापति गॉडर्ड यानें पुन्हा वसईवर तोफा लाविल्या, आणि सालबाईच्या तहानें स्थळ मराठ्यांकडे परत आलें. पुढें इंग्रजी अमदानींत ओस किल्ल्याचे दगड पावसास व झाडांच्या मुळांस मोकळे राहिले. ज्या वास्तूचा समाज उठून गेला, ती पाडावी लागत नाहीं. ती आपणच पडते.

यावरून मराठ्यांस निर्दोष ठरविणें हा आमचा हेतु नाहीं. तसें ठरविणें हेंही पुराव्याशिवायच होईल. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं पोर्तुगीज कागद व मराठी कागद समोरासमोर ठेवण्याची जी रीत घालून दिली, ती दगडांसही लावावी एवढेंच आमचें म्हणणें आहे. एका तारखेवर जन्म, पदवी व मरण या तिन्हींचा भार टाकणाऱ्या लेखनापेक्षां, एक क्रियापद नीट वाचणारें लेखन या देवळास अधिक न्याय देईल.