रहाटाचे पाणी, आभाळाचे पाणी

सायंकाळी दिवेलागणीला घरातील लहानथोरांनी आल्तारापुढे बसून रोजरी म्हणावी, हा आपल्या कुटुंबांचा जुना परिपाठ. तो आज अनेक घरांतून सैल झाला आहे. त्याचे खापर आपण दूरदर्शन संचावर, धावपळीच्या नोकऱ्यांवर आणि अलीकडे हातातल्या फोनवर फोडतो. परंतु घरातील एखादा वाढत्या वयाचा मुलगा जेव्हा सरळ विचारतो, ‘माझे मन लागत नाही; मग नुसते ओठ हलवणे हे ढोंग नव्हे काय?’ तेव्हा आपण निरुत्तर होतो किंवा रागावतो. प्रश्न मात्र प्रामाणिक असतो. प्रामाणिक प्रश्नाला तितकेच प्रामाणिक उत्तर हवे. असे उत्तर सोळाव्या शतकातील एका स्पॅनिश कार्मेल धर्मभगिनीच्या लेखनात सापडते, असे मला वाटते.

आविलाची संत तेरेजा (१५१५–१५८२) हिने आपले आत्मचरित्र १५६२ मध्ये प्रथम लिहिले आणि १५६५ मध्ये त्याला आजचे रूप दिले. ते तिने हौसेने लिहिले नाही, तर आपल्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंच्या आज्ञेवरून लिहिले. पुढे १५७५ मध्ये त्याची हस्तलिखित प्रत इन्क्विझिशनच्या हाती गेली. पुस्तक छापून निघाले ते तिच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १५८८ मध्ये, सालामांका येथे. लुईस दे लेओन या विद्वानाने ते सिद्ध केले. १९७० मध्ये पोप सहावे पौल यांनी तेरेजाला ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून गौरविले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. एवढा अधिकार लाभलेल्या या ग्रंथाच्या मध्यभागी आहे एक साधी बाग आणि तिला पाणी घालणारा माळी.

तेरेजा म्हणते, माणसाचा आत्मा म्हणजे तणाने माजलेली नापीक जमीन. तण उपटून रोपे लावण्याचे काम प्रभू स्वतः करतो. आपल्याकडे काम उरते ते पाणी घालण्याचे. हे पाणी चार प्रकारे मिळते. विहिरीतून पोहऱ्याने शेंदून काढलेले पाणी पहिले. त्यात कष्ट फार आणि पाणी थोडे. रहाटाने चढवलेले पाणी दुसरे. कष्ट कमी, पाणी अधिक. नदीचे अथवा ओढ्याचे पाणी तिसरे. त्याने जमीन खोलवर भिजते. चौथे पाणी पावसाचे; तेथे माळ्याला काहीच करावे लागत नाही. मनाला ओढून आणून केलेल्या चिंतनापासून ईश्वराशी होणाऱ्या ऐक्यापर्यंतचा सगळा प्रवास तिने या चार पाण्यांत सामावला आहे.

ही प्रतिमा परकी वाटत नाही, याचे कारण उघड आहे. स्पेनमध्ये रहाट अरबांनी रुजवला आणि तेथील भाषेतले त्याचे नावही अरबीच आहे. वसईच्या वाड्यांतून बावखलावर आणि विहिरीवर फिरणारा रहाट ज्यांनी पाहिला, त्यांना तेरेजाचे दुसरे पाणी समजण्यास टीपेची गरज नाही. विजेचे पंप आले आणि रहाट गेले. तथापि केळीच्या आणि पानवेलीच्या वाडीला पाणी देण्याचे कष्ट ज्या पिढीने उपसले, तिच्या आठवणीत ती करकर अजून आहे. प्रतिमेची खरी शक्ती मात्र ओळखीच्या वस्तूत नाही, ती तिच्या हिशेबात आहे. पाणी जसजसे वाढते, तसतसे माळ्याचे श्रम घटतात. आणि पहिल्या पोहऱ्यापासून शेवटच्या सरीपर्यंत पाणी कधीच माळ्याचे नसते. तो ते निर्माण करीत नाही, केवळ आणतो. प्रार्थनेत आपला वाटा किती आणि कृपेचा किती, या प्रश्नावर धर्मशास्त्राने मोठमोठे ग्रंथ लिहिले. तेरेजाने तो एका बागेत सोडवला आहे.

या चार पाण्यांकडे बहुधा शिडीच्या चार पायऱ्यांसारखे पाहिले जाते. पहिली पायरी नवशिक्यांची. ती ओलांडली की मागे वळून पाहायचे नाही, असा त्यात अर्थ येतो. मला हे वाचन अपुरे वाटते. पहिल्या पाण्याविषयी लिहिताना तेरेजा एक विलक्षण गोष्ट विचारात घेते : विहीरच कोरडी असली तर? दिवसामागून दिवस पोहरा सोडावा आणि तो रिकामाच वर यावा, तर माळ्याने काय करावे? तिचे उत्तर असे की, माळ्याने आपले काम करीत राहावे. बाग कोणाची आहे हे त्याने विसरू नये. पाण्यावाचूनही फुले जगवणे मालकाला अशक्य नाही. हे तिने ऐकीव माहितीवर लिहिलेले नाही. मठात राहूनही सुमारे अठरा-वीस वर्षे आपण प्रार्थनेशी झगडत होतो, एकदा तर वर्षभराहून अधिक काळ ती सोडूनच दिली होती आणि कित्येकदा प्रार्थनेपेक्षा तास संपल्याचा ठोका केव्हा पडतो याकडेच आपला कान असे, अशी कबुली ती देते. ज्या संत स्त्रीला आपण समाधीच्या चित्रांतून ओळखतो, तिचा हा कबुलीजबाब आमच्या त्या मुलाच्या प्रश्नाशेजारी ठेवून पाहावा. मन न लागणे हे ढोंग नव्हे; तो रिकामा पोहरा आहे.

मात्र याचा अर्थ ओठांची हालचाल पुरेशी आहे असा कोणी काढू नये. ‘परिपूर्णतेचा मार्ग’ या ग्रंथात तेरेजा बजावते की, आपण कोणाशी बोलत आहोत याचे भानच नसेल, तर कितीही शब्द उच्चारले तरी ती प्रार्थना होत नाही. तिचा भर भावनेवर नाही, भानावर आहे. हा भेद फार मोलाचा आहे. कारण भावना आपल्या हाती नसते, भान थोडेफार असते. त्याच ग्रंथात ती एका वृद्ध धर्मभगिनीची हकिकत सांगते. तिला मौन चिंतन कधी जमलेच नाही; ती केवळ तोंडी प्रार्थना म्हणे आणि त्यामुळे खिन्न असे. तेरेजाने चौकशी केली, तेव्हा तिला उमगले की, प्रभूने शिकवलेली ती एकच प्रार्थना म्हणता म्हणता ही भगिनी उच्च चिंतनापर्यंत पोहोचलेली होती. आपल्या आजीच्या हातातील झिजलेल्या माळेकडे कनवाळू नजरेने पाहणाऱ्या सुशिक्षितांनी हे पान अवश्य वाचावे.

ग्रंथात उणिवा नाहीत असे नाही. तेरेजा विषयांतर फार करते. तिसऱ्या आणि चौथ्या पाण्याच्या विवेचनात बाग दृष्टीआड होते आणि अलौकिक अनुभवांची वर्णने पुढे येतात. संसारी वाचकाला तेथे हा आपला ग्रंथ नव्हे असे वाटू लागते. त्याहून मोठी उणीव प्रतिमेतच आहे : या बागेत माळी एकटाच आहे. कुटुंबाची प्रार्थना तशी नसते. एकाचा पोहरा रिकामा आला तरी शेजारी बसलेल्याचा भरलेला असू शकतो. प्रभूने शिकवलेली प्रार्थनाही एकवचनी नाही. तेरेजाला ही उणीव पुढे जाणवली असावी. १५७७ मध्ये लिहिलेल्या ‘अंतरीचा गड’मध्ये ती पुन्हा पाण्याकडे वळते, एक हौद दुरून पाटाने भरतो, दुसरा झऱ्यावरच बांधलेला असतो. पण तेथे प्रार्थनेची कसोटी म्हणून ती शेजाऱ्यावरील प्रेम पुढे करते आणि सातव्या, शेवटच्या दालनात मार्था आणि मरिया यांना एकत्र बसवते. मठांच्या स्थापनेचा इतिहास लिहिताना तर ती सांगते की, स्वयंपाकघरातील भांड्याकुंड्यांतही प्रभू वावरतो.

तेव्हा त्या मुलाला काय सांगावे? त्याचे मन लागते असे खोटेच मानू नये आणि लागत नाही म्हणून त्याला उठवूनही लावू नये. आपलाही पोहरा पुष्कळदा रिकामा येतो, हे आईवडिलांनी त्याला मोकळेपणाने सांगावे. तेरेजानेही आपल्या भगिनींपासून ते लपवले नव्हते. मग माळ हाती घ्यावी, आपण कोणापुढे बसलो आहोत हे क्षणभर आठवावे आणि पहिले रहस्य सुरू करावे.